तोळ्यामागचा डोंगर

गेल्या दसऱ्याला पर्थहून भाच्याचा फोन आला. सोनं देऊन-घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "मामा, एका कंपनीचे कागद पाठवतो. खाण अजून सुरू झालेली नाही, पण सोनं सापडलंय. वाचून बघ." भाचा तिकडे खाणींच्या यंत्रसामग्रीचं काम करतो, उगाच कुणाला भरीला घालणारा नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतल्या एका ठेवीची मुदत तेव्हा संपत आली होती. त्यामुळे ते कागद मी मन लावून वाचले.

पहिला आकडा ग्रेडचा होता : टनाला दीड ग्रॅम. तो आमच्या आईच्या हिशेबात मांडून पाहिला. तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे आठ टन दगड सुरुंगाने फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात घोळवायचा, तेव्हा तोळाभर सोनं हाती येणार, तेही सगळं सुटून आलं तर. उघड्या खाणीत एवढ्या ग्रेडवरही धंदा होतो. पण मग डिझेल, वीज, पाणी आणि रस्ता यांचे भाव सोन्याच्या भावाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'रिसोर्स' आणि 'रिझर्व्ह' हे शब्द मी आधी एकाच अर्थाने वाचत होतो. ऑस्ट्रेलियात 1989 पासून लागू असलेल्या जॉर्क संहितेत त्यांचे अर्थ पक्के ठरलेले आहेत. रिसोर्स म्हणजे बोअरच्या नमुन्यांवरून मांडलेला साठा. त्यातला 'इन्फर्ड' भाग सगळ्यात कच्चा. बोअर लांब लांब घेतलेले, मधलं सगळं अनुमान. रिझर्व्ह म्हणजे खर्च वजा जाता काढायला परवडेल एवढाच हिस्सा. या कंपनीचं निम्म्याहून अधिक सोनं इन्फर्ड होतं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच अवस्था.

इथे विश्वास ठेवावा लागतो, आणि तो कशावर ठेवायचा हे शिकावं लागतं. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियात बुसांगला अफाट सोनं सापडल्याचं सांगितलं होतं. 1997 मध्ये उघड झालं, की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. बोअरमधून निघालेला दगडाचा गाभा उभा चिरून अर्धा फेरतपासणीसाठी जपून ठेवायची रीत आहे. तिथे तो सगळाच दळून टाकला जात होता. म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला. गाभे जपून ठेवलेले होते. बरं वाटलं.

तिसरी गोष्ट अधिक साधी, पण तीच मला सगळ्यात उशिरा कळली. ज्या कंपनीला उत्पन्न नाही, ती बोअर घेणार, अहवाल करणार, पगार देणार ते नवे शेअर विकून. शेअर तिप्पट झाले आणि साठा तेवढाच राहिला, तर माझ्या वाट्याचं सोनं एक तृतीयांशावर येतं. कुणी फसवत नाही, तरीही वाटा आटतो. आणि सापडल्यापासून सोन्याची पहिली वीट ओतेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. साठाव्या वर्षी घेतलेल्या शेअरला एवढी सवड कुठून द्यायची?

रुमानियातल्या रोशिया मोंतानाची गोष्ट तर मनातून जात नाही. रोमन काळापासून तिथे सोनं काढलं गेलं. साठा आहे याबद्दल वाद नव्हता. गॅब्रिएल रिसोर्सेस या कंपनीने दोन दशकांहून अधिक काळ तिथे खाण उभी करायचा प्रयत्न केला. पण त्यासाठी डोंगर फुटणार होते, घरं उठणार होती, सायनाइडचा गाळ साठवला जाणार होता. 2000 साली त्याच देशात बाया मारेजवळ बांध फुटून सायनाइड नद्यांमध्ये गेलं होतं, ते लोक विसरले नव्हते. 2013 मध्ये मोर्चे निघाले. 2021 मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा ठरवलं. कंपनीचा भरपाईचा दावाही 2024 मध्ये लवादाने फेटाळला. सोनं खरं होतं, तरी शेअर मातीमोल झाला. आणि गावकऱ्यांच्या जागी मी असतो, तर मीही मोर्चात गेलो असतो.

आपल्याकडची कोलारची सोन्याची खाण मी बंद पडल्यानंतर पाहिली. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण 28 फेब्रुवारी 2001 ला थांबली. ग्रेड उतरत गेली आणि खर्च परवडेना. गावाभोवती दळलेल्या दगडाच्या राखाडी टेकड्या उभ्या आहेत. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते. तिथून परतल्यावर बायकोच्या पाटल्यांकडेही मी वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. घरातलं सोनं म्हणजे कुणीतरी आधीच फोडलेला डोंगर. त्यामुळे शेअर टाळला की आपले हात स्वच्छ, असं मला म्हणवत नाही.

शेवटी ठेव पुन्हा बँकेतच ठेवली. कंपनीत घातली फक्त एका तोळ्याच्या किमतीएवढी रक्कम. ती सगळी बुडाली तरी घरात कुणाचं काही अडणार नाही. दर तीन महिन्यांनी कंपनीचा अहवाल येतो. रोकड किती उरली आणि शेअर किती वाढले, हे मी आधी पाहतो. मग खाण होणार त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांशी करायचा करार कुठवर आला, ते शोधतो. गेल्या अहवालात त्याबद्दल एकच ओळ होती. भाच्याला म्हटलं, "पुढच्या खेपेला त्या ओळीचं काय झालं ते तिथल्या लोकांना विचारून सांग. त्यावरच पुढचं ठरवू."