कचेरींतील खेळ

हल्लीं कारखाने, बँका, कचेऱ्या आणि शाळा-महाविद्यालयें यांतून कामकरी मंडळींस मधून मधून खेळावयास लावण्याची चाल पडली आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा उद्योगवसाहतींनीं वेढलेल्या आमच्या छत्रपति संभाजीनगरांत तिचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. चेंडू फेकतांना झेलणाऱ्याचें नांव घ्यावें. स्वतःविषयीं दोन खऱ्या व एक खोटी गोष्ट सांगावी आणि इतरांनीं खोटी ओळखावी. वर्तमानपत्राच्या कागदांचा मनोरा रचावा, असे हे खेळ असतात. साहित्य थोडें, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, नियम पोरासोरांसहि कळतील असे. ह्या साऱ्याला 'टीम बिल्डिंग' असें भारदस्त नांव आहे. आमच्या पिढीचे लोक ह्याची थट्टा करतात, व आम्हीं स्वतः ती पुष्कळ केली आहे. परंतु थट्टेनें प्रश्न मिटत नाहीं. सहकार्याची भावना खेळानें उत्पन्न होते काय, आणि तो खेळ वरिष्ठांच्या आज्ञेनें मांडलेला असेल तरीहि होते काय, हा प्रश्न विचारी माणसानें टाळण्याजोगा नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्याच महाविद्यालयांत असा एक प्रयोग झाला. सभेच्या आधीं प्राध्यापक, ग्रंथपाल, कार्यालयांतील लेखनिक असे आम्ही दहा-बारा जण वर्तुळांत उभे राहिलों. शेजारच्यास वगळून प्रत्येकानें समोरच्या दोन निरनिराळ्या माणसांचे हात धरावयाचे, आणि हात न सोडतां, कोणाच्या हाताखालून वांकून, कोणाच्या हातावरून पाय टाकून, पडलेली गांठ सोडवावयाची, असा तो खेळ होता. पहिलीं दोन मिनिटें संकोचांत गेलीं. मग लेखा विभागांतील एक गृहस्थ, ज्यांची व आमची ओळख बारा वर्षें केवळ पगारपत्रकावरील सहीपुरती होती, एकाएकीं मोठ्यानें म्हणाले, "सर, आधीं खालीं वांका, मग वळा!" आम्ही वांकलों आणि वळलों. तर्कशास्त्र शिकविण्यांत हयात घालविलेल्या आम्हांस जें दिसत नव्हतें, तें त्यांस स्पष्ट दिसत होतें. गांठ सुटली, टाळ्या झाल्या, आणि आम्हांस खरोखर आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच वेळीं दाराशीं आमचे सेवक चहाचें तबक घेऊन उभे होते. खेळ संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. त्यांस कोणीं आंत बोलाविलें नाहीं, आम्हींहि नाहीं. आमची दृष्टि त्यांच्याकडे गेलीच नव्हती असें म्हणावें, तर तें खोटें होईल. ती गेली होती, आणि चहा थंड होत असेल एवढाच विचार मनांत आला होता. पुढें कप हातीं देतांना त्यांनीं सहज विचारलें, "सुटली का सर, गांठ?" आम्ही "सुटली" म्हणालों. त्या दिवसापासून तें उत्तर आम्हांस टोंचत आहे.

ह्या खेळांवर पहिला आक्षेप असा कीं, आज्ञेनें खेळलेला खेळ हा खेळच नव्हे. योहान हुइझिंगा ह्या डच इतिहासकारानें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'होमो लूडेन्स' ह्या ग्रंथांत स्वेच्छा हें खेळाचें पहिलें लक्षण मानलें आहे. हुकमी खेळ हें त्याच्या मतें फार तर खेळाचें अनुकरण होय. आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण शाळेंतील मुलें पहावीं. तीं घंटेच्या हुकमानेंच मैदानावर जातात आणि दोन मिनिटांत घंटा विसरून जातात. तेव्हां खेळांत शिरतांना स्वेच्छा होती कीं नव्हती, एवढ्यावर निकाल देतां येत नाहीं. शिरल्यावर माणूस मोकळा झाला कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. ह्या मोकळेपणाची एक खूण अशी कीं, ज्यास खेळावयाचें नाहीं त्यास "मी बसून पाहतों" असें म्हणतां यावें, व तेवढ्यावरून कोणीं त्याच्याविषयीं मनांत टिपण करून ठेवूं नये. दुखरे गुडघे, परक्याचा हात धरण्याचा संकोच, घरांत नुकतें घडलेलें दुःख, हीं कारणें चारचौघांत सांगण्याजोगीं नसतात.

दुसरी खूण अधिकाराशीं निगडित आहे. टॉम वुजेक यांनीं २०१० सालीं एका व्याख्यानांत वर्णिल्यामुळें एक खेळ जगभर माहीत झाला. कोरड्या स्पॅगेटीच्या वीस काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि मार्शमॅलो नांवाची एक मऊ मिठाई एवढें साहित्य. चौघांनीं अठरा मिनिटांत मनोरा उभारून त्याच्या टोंकावर मिठाई ठेवावयाची. व्यवस्थापनशास्त्राच्या नव्या पदवीधरांपेक्षां बालवर्गांतील मुलें ह्यांत सरस ठरतात, असें वुजेक सांगतात. मुलें आरंभापासूनच मिठाई टोंकावर ठेवून पाहतात, पडली कीं पुन्हां रचतात. आणि आपल्यांत मुख्य कोण, हें ठरविण्यांत त्यांचा वेळ जात नाहीं. वुजेक यांचीच दुसरी हकीकत याहून बोधप्रद आहे. दहा गटांपुढें दहा हजार डॉलरांचें बक्षीस ठेवलें, तेव्हां एकाहि गटाचा मनोरा उभा राहिला नाहीं.

हाच धडा आमच्या अंगणांतील खोखोंत आहे. त्याचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधून दिले. पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकीं आठ एका ओळींत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात, नववा धांवतो. त्याला मधली रेषा ओलांडतां येत नाहीं, मध्येंच दिशा बदलतां येत नाहीं. गडी निसटूं लागला कीं त्यानें बसलेल्याच्या पाठीस हात लावून 'खो' द्यावा आणि आपण त्याच्या जागेवर बसावें. आपली धांव कोठें संपली हें ओळखून दुसऱ्यास उठविणें, ह्यांत ह्या खेळाचें मर्म आहे. खो देणारा उभा राहून हुकूम सोडीत नाहीं. तो खालीं बसतो. कचेरींतील खेळाची परीक्षा ह्याच कसोटीवर व्हावी. तेथें साहेब हरूं शकतो काय? त्याची चूक कनिष्ठानें मोठ्यानें सांगितली तर चालते काय, आणि दुसऱ्या दिवशीं टेबलापाशींहि चालते काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न्यायाची उणीव खेळानें झांकतां येते. आमच्या वर्तुळांत तासिका तत्त्वावर शिकविणारे दोन तरुण प्राध्यापक होते. त्यांचें वेतन तासांच्या हिशेबानें. सुटीच्या महिन्यांत तें नाहीं. पुढील वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं, हें त्यांस ठाऊक नाहीं. त्यांनींहि आमचे हात तितकेच घट्ट धरले होते. ज्यास वर्षअखेर निरोप द्यावयाचा, त्याच्याकडून "आपण सारे एक" असें वदवून घेणें ही क्रूर थट्टा होय, आणि तिची जबाबदारी खेळावर टाकून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं.

निदान ह्या शहरांत तरी अशा वर्तुळाकडे पोरखेळ म्हणून पाहतां येत नाहीं. शहराचें नांव औरंगाबाद होतें त्या काळीं, १९५० सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. ज्यांच्या वाडवडिलांचा स्पर्श समाजानें विटाळ मानला होता, त्यांच्या मुलांस त्यानें उच्च शिक्षणाचें दार उघडलें. ज्या देशांत दुसऱ्याचा हात हातीं घेणें हेंच शतकानुशतकें नाकारलें गेलें, तेथें हात धरून उभें राहण्याला अर्थ आहे. म्हणूनच त्या वर्तुळाबाहेर कोण राहिलें, ह्यालाहि अर्थ आहे.

आमचें मत असें बनलें आहे कीं, हे खेळ सख्य निर्माण करीत नाहींत. ते सख्याचें वचन देतात. पाव तास आम्ही आमचा हुद्दा बाजूस ठेवूं शकतों, एवढें ते सिद्ध करतात, आणि एकदां सिद्ध झाल्यावर पुढें सबब उरत नाहीं. लेखा विभागांतील ते गृहस्थ परवां आमच्या एका देयकांतील चूक दाखवावयास आपण होऊन आले; पूर्वीं त्यांनीं तें शेरा मारून परत पाठविलें असतें. एवढा लाभ आम्ही त्या खेळाच्या नांवावर मांडतों. यंदा खेळ होईल तेव्हां चहा आधीं व्हावा, रिकामे कप आम्हीं उचलावे, आणि सेवकांसहि बोलावणें जावें, असें आम्हीं प्राचार्यांस सुचविलें आहे. त्यांस खेळावयाचें नसेल तर त्यांनीं खुशाल बसून पहावें. पण तें त्यांनीं ठरवावें.