दर्यातून परत फिरणारा भित्रा काय?



गेल्या महिन्यात किनाऱ्यावरील एका तरुण बंधूने मजजवळ असा प्रश्न काढला : "पाळकसाहेब, होडी माझी, जाळे माझे आणि जीवही माझाच. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढलेला असता मी मासेमारीस गेलो, तर त्यात माझा अपराध तो कोणता? बुडालो तर मीच बुडेन." हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याच्या शिरावर दलालाची उचल होती, आणि मागील आठ दिवस त्याच्या घरी चूल कशी पेटत होती हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्यास तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. ते येथे देत आहे.

घाटावरील वाचकांसाठी सांगावयास पाहिजे की, तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरावर सोसाट्याच्या वाऱ्याचे भय आहे अशी खूण होय. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांनी पूर आलेल्या नदीत बैलगाडी घालणाऱ्या गाडीवानाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मात्र एवढा भेद ध्यानी ठेवावा की, नदीस पलीकडे दुसरा काठ असतो.

"मीच बुडेन" हे म्हणणे प्रथम तपासू. लहान होडीतही दोघे-तिघे खलाशी असतात, आणि त्यांत बहुधा एखादा सतरा-अठरा वर्षांचा पोर असतो. तांडेलाने "चला" म्हटले असता तो "मी येत नाही" असे म्हणू शकतो काय? म्हटले तर उद्या त्याच्या जागी दुसरा येईल, व त्याचा वाटा जाईल. म्हणजे त्याचे मौन ही त्याची संमती नव्हे, ती त्याची लाचारी आहे. शिवाय होडी वेळेवर आली नाही म्हणजे गावातील दुसऱ्या होड्या त्याच वाऱ्यात शोधास निघतात, आणि १५५४ ह्या क्रमांकावर खबर गेली की तटरक्षक दलाचे लोकही निघतात. त्या सर्वांस आयाबाया, लेकरेबाळे आहेत. तेव्हा जो एकट्याचा जीव पणास लावतो असे म्हणतो, तो इतरांचे जीव त्यांस न विचारता त्यात घालीत असतो.

आता समुद्राची रीत पाहा. कोकणात पावसाळ्यानंतरच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, आणि दुपार कलली म्हणजे समुद्राकडून खारा वारा सुटतो. आमच्या वाडवडिलांची शिडाची होडी एका वाऱ्यावर जाई व दुसऱ्यावर घरी येई. जणू जाण्यायेण्याचे वेळापत्रकच त्यांस बांधून दिलेले होते. इंजिन आले आणि ते वेळापत्रक सुटले. आता मनुष्य हवा तितका दूर जातो. परंतु परतण्याचा रस्ता त्याच्या लोभाप्रमाणे आखूड होत नाही. जुने लोक सांगतात की, तेलाचा एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, आणि उरलेला तिसरा हिस्सा ज्यास हात लावावयाचा नाही असा. ह्या तिसऱ्या हिश्शावर मला पुष्कळ बोलावेसे वाटते, कारण माणसाची खरी परीक्षा तेथे होते. मासळीचा थवा चार मैल पुढे दिसतो, आणि तिसरा हिस्सा डब्यात हलत असतो.

दुसरी गोष्ट भाराची. सकाळी रिकामी होडी पाण्यावर उंच तरंगते. संध्याकाळी मासळी भरली म्हणजे तिची कड पाण्यापासून वीतभर राहते. त्यातच मासळी फळ्यांवर ढीग करून ठेवली तर भार वरच्या अंगास जातो, आणि एक लाट आत आली की आतले पाणी व मासळी दोन्ही एकाच बाजूस धावतात. म्हणजे ज्या घटकेस वारा वाढतो, त्याच घटकेस होडी सर्वांत जड व सर्वांत दुबळी असते. तशात खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असेल, तर आतून धावणारे पाणी व बाहेरून येणारी लाट एकमेकांस भिडून लाटा उभ्या राहतात, आणि मागून येणारी लाट होडीस आडवी फिरविते. किनाऱ्यावरील दिवे दिसत असता, घरापासून हाकेच्या अंतरावर, माणसे ह्याच जागी गेली आहेत. म्हणून शहाणा तांडेल खाडीत शिरण्याची वेळ भरतीवरून ठरवितो, आणि ती भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते हे तो विसरत नाही.

ह्या सर्वांचे तात्पर्य काय? हेच की, परतण्याची घटका संकट दिसू लागते तेव्हाची नसते. ती त्याच्या पुष्कळ अगोदर, पाणी निवांत असतानाच येऊन जाते. म्हणून परत फिरणाऱ्यास आपल्या कृत्याचा पुरावा कधीच दाखविता येत नाही. वादळ आले नाही तर लोक म्हणतात, "उगीच भ्याला". आणि आले तर तो घरी असतो, त्याचे कोण स्मरण करतो?

प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय आपण वारंवार वाचतो, तो बहुधा पौलाच्या धीराकरिता. मला त्यातील आरंभ अधिक बोधक वाटतो. प्रवासाचा हंगाम सरला होता आणि पौलाने धोक्याची सूचना दिली होती; परंतु शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले, आणि पुढे जावे असेच बहुतेकांचे मत पडले. मग दक्षिणेकडून मंद वारा सुटला, आणि आपला बेत साधला असे त्यांस वाटले. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. २७६ माणसे वाचली ही देवाची दया. परंतु तारू फुटले, माल समुद्रात गेला, आणि सूचना तर अगोदरच मिळालेली होती. "देव राखील" असे म्हणून बावटा न पाहणाऱ्या बंधूंनी हा अध्याय आरंभापासून वाचावा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास आपल्या प्रभूनेही नकार दिला होता.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २००९ च्या फेब्रुवारीत घडलेली हकीकत ऐका. चार धट्टेकट्टे तरुण २१ फुटांच्या होडीतून मासे धरण्यास दूर समुद्रात गेले. हवा बिघडण्याचा अंदाज होता. निघण्याच्या वेळी नांगर तळाशी अडकला, तो निघेना. दोर कापून चालते व्हावयाचे, तर त्यांनी तो होडीच्या मागच्या अंगास बांधला व इंजिन जोराने पुढे हाकले. मागचे अंग दबले, पाणी आत आले, आणि होडी उलटली. तिघे गेले, एक जण उलटलेल्या होडीस धरून राहिला, तो दोन रात्री थंडीत काढून वाचला. नांगराची किंमत ती किती? पण दोर कापणे म्हणजे काहीतरी गमावल्याची कबुली देणे होय, आणि ती कबुली द्यावयास माणूस सहसा राजी नसतो. दोर कापावयाचा, जाळे सोडून द्यावयाचे, मासळी पाण्यात लोटावयाची, हे समुद्रावर सुचत नाही. किनाऱ्यावर, कोरड्या वाळूवर उभे असतानाच मनाशी ठरवून ठेवलेले असेल तर हात चालतो.

येथे कोणी म्हणेल, सूचना नेहमी वेळेवर कोठे मिळते? खरे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ दक्षिणेस उठले, तेव्हा केरळ व तामिळनाडूचे पुष्कळ कोळी सूचना पोहोचण्यापूर्वीच दूर गेलेले होते. त्यांस दोष देणारा मनुष्य निर्दय होय. मी बोलत आहे ते बावटा पाहून निघणाऱ्याविषयी.

आणि माझ्याविषयीही. काही वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरील एका गावी सेवेस होतो. एके दिवशी पहाटे दोन होड्या निघाल्या. एकीचा तांडेल पन्नाशीचा, दुसरीचा तिशीतला. दहाच्या सुमारास वायव्येस आभाळ काळवंडले व पाण्यास लांब हेलकावा येऊ लागला, तसा वडील तांडेल रिकाम्या जाळ्यानिशी परत फिरला. दुसरा राहिला, आणि रात्री पापलेटांनी होडी भरून आला. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात पुष्कळ थट्टा झाली. कोणी त्या वडिलांस "वाळूवरचा तांडेल" म्हटले, आणि मी हसलो. एवढ्यावरच न थांबता, रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी मी त्या तरुणाच्या धैर्याचे कौतुक केले. ते वडील तिसऱ्या बाकावर बसले होते.

दीड महिन्याने तशीच हवा आली. ह्या खेपेस ते परत फिरले नाहीत. खाडीच्या मुखाशी होडी आडवी झाली. तिघे पोहून निघाले, आणि एकोणीस वर्षांचा एक पोर निघाला नाही. जीवरक्षक जाकीट होडीत होते. ते फळीखाली दोरीने बांधून ठेवलेले होते. प्रेतविधीनंतर ते वडील मला म्हणाले, "पाळकसाहेब, दुपारीच मला फिरायचे होते. सुकाणूवर हातही गेला होता. मग अंगणातले हसणे आठवले." माझे नाव त्यांनी घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती.

तेव्हापासून मी असे मानतो की, होडीत चार माणसे दिसत असली तरी सुकाणूवर आणखी पुष्कळांचे हात असतात. उचल देऊन "आज माल का नाही?" असे विचारणाऱ्या दलालाचा हात असतो. शेजारणीच्या घरी पापलेट आले असे नवऱ्यास ऐकविणाऱ्या बायकोचाही असतो. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद असते, ती अशा सर्वच होड्यांस असल्यामुळे कोणी कोणास हसत नाही; परंतु हंगामातील एका वाईट दिवशी घरी राहावयाचे म्हणजे एकट्यासच भित्रा ठरावे लागते, आणि तेल व बर्फ ह्यांचा खर्च एकट्यासच सोसावा लागतो. मंडळीने अशा दिवसांकरिता एक डबी का ठेवू नये? लग्नाच्या मांडवास आपण वर्गणी काढतो. बावटा पाहून परत आलेल्या होडीच्या तेलाचा निम्मा खर्च त्या डबीतून दिला, तर ती वर्गणी काही फार मोठी होणार नाही.

त्या तरुण बंधूस मी ही सर्व हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "ते तांडेलकाका अजून आहेत काय?"

आहेत. ते आता दर्यात जात नाहीत, जाळी विणतात. सकाळी बंदरावर बावटा चढला की ते होड्यांपाशी येऊन बसतात, आणि जो कोणी होडी परत वाळूवर ओढू लागेल त्यास हात लावतात.