साखरझोप आणि प्रबोधन

पहाटे ठरल्या वेळी जाग न येणे हा दोष मानावा की देहधर्म, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी भारतीय तत्त्वविचारातील एक जुनी अडचण आहे. दोष हा नेहमी कर्त्याचा असतो, आणि गाढ झोपेत कर्ता म्हणून कोणी शिल्लक राहतो की नाही, याविषयीच शास्त्रांनी शंका घेतलेली आहे. मांडूक्य उपनिषदाने जाग्रत, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या; त्यांपैकी सुषुप्ती म्हणजे जिथे इच्छाही नाही आणि स्वप्नही नाही अशी गाढ झोप. इच्छाच नसेल तर रात्री केलेला ‘पाचला उठेन’ हा संकल्पही तिथे नाही, आणि संकल्प नसेल तर तो मोडल्याचा ठपका ठेवायचा तरी कोणावर, असा पेच निर्माण होतो.

या पेचाचे एक उत्तर ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या नवव्या सूत्रात मिळते. जो झोपला तोच उठतो की दुसराच कोणी, असा प्रश्न घेऊन सूत्रकार ‘तोच उठतो’ असा निर्णय देतात आणि त्यासाठी चार कारणे पुढे करतात: अर्धे राहिलेले कर्म उठणारा माणूस पुरे करतो, त्याला आदल्या दिवसाची आठवण असते, म्हणजेच अनुस्मृती असते, श्रुतीचे शब्द तसे सांगतात, आणि रोज नवा माणूस उठत असेल तर शास्त्राने घालून दिलेले विधी निरर्थक ठरतील. यांतील पहिले कारण ग्रंथापेक्षा शेतात लवकर पटते. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या नीरा खोऱ्यातील गावात, डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की शेजपाळीने, म्हणजे एकामागून एक ठरलेल्या क्रमाने, शेतांना पाणी मिळते, आणि ती पाळी रात्री दोनला आली तर दोनलाच दारे धरावी लागतात. सरीत पाणी सोडायचे, सरी भरली की खोऱ्याने मातीचा बांध घालून ते पुढच्या सरीत वळवायचे, हे काम अर्धे टाकून बांधावर डोळा लागलेला माणूस जागा होताच प्रथम कोणत्या सरीपर्यंत पाणी आले ते पाहतो. त्याचे पाहणे हाच सूत्रकारांच्या पहिल्या कारणाचा पुरावा होय, कारण झोपेने त्याचे काम थांबवले असले तरी ते दुसऱ्या कोणाचे केलेले नाही.

माणूस तोच असेल तर जबाबदारीही त्याचीच, हे मान्य करावे लागते. मात्र ती किती आणि कुठे, हे झोपेच्या प्रकारावर अवलंबून आहे. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, मानले असून सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोपेची वर्गवारी तिच्या कारणांवरून केली आहे: तमातून येणारी, कफातून येणारी, मनाच्या व शरीराच्या श्रमातून येणारी, बाह्य कारणाने येणारी, रोगाच्या मागोमाग येणारी आणि रात्रीच्या स्वभावानेच येणारी. या शेवटच्या झोपेला चरकांनी भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्राचे दाईसारखे पोषण करणारी, म्हटले आहे. पापाचे मूळ म्हटले आहे ते केवळ तमातून येणाऱ्या झोपेला. म्हणून साखर कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार, रात्री वीज आली म्हणून मोटार चालू करायला गेलेला शेतकरी, किंवा गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरलेली आणि दुपारी खोपीत डोळा लागलेली बाई, यांची झोप आणि पोटभर जेवून, काही न करता दिवस वर येईपर्यंत लोळणाऱ्याची झोप बाहेरून सारखी दिसली तरी शास्त्राच्या दृष्टीने एक नाही.

गीतेची भूमिकाही हीच आहे. चौदाव्या अध्यायात तमोगुण माणसाला प्रमाद, आलस्य आणि निद्रा यांनी बांधतो असे म्हटले आहे, आणि तेवढाच भाग उचलून झोपेवर तुटून पडणारे उपदेशक पुष्कळ आहेत. परंतु सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याप्रमाणेच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगून झोप आणि जागरण दोन्ही प्रमाणात असावीत असा निर्वाळा दिलेला आहे. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रेवर प्रभुत्व असलेला, असे संबोधणाऱ्या ग्रंथानेच हे सांगावे, याला महत्त्व आहे. आधुनिक शरीरशास्त्र याच दिशेने जाते. शरीरातील घड्याळ जनुकांच्या पातळीवर चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन संशोधकांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि गाढ झोपेतून एकाएकी उठवलेल्या माणसाचा मेंदू काही काळ अर्धवट झोपेतच असतो, झोप अपुरी असेल तर ही जडता अधिक जाणवते, हेही आता सर्वमान्य आहे. मराठीने पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हटले ते तिच्या गोडीमुळे. ती सोडवत नाही यात सगळाच आळस नसतो.

तरीही पहाटे उठण्याचा आदर्श परंपरेने सोडलेला नाही. ब्राह्ममुहूर्त म्हणजे रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा असल्याने, कार्तिकात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास धरला तर तो 4 वाजून 54 मिनिटांनी सुरू होऊन 5 वाजून 42 मिनिटांनी संपतो. या वेळी उठावे असे आयुर्वेद निरोगी माणसाला सांगतो, आणि त्यातील ‘निरोगी’ ही अट सहसा विसरली जाते. समर्थ रामदासांनीही पहाटे उठण्याचा उपदेश केला. पण दासबोधाच्या अठराव्या दशकातील निद्रानिरूपण या नवव्या समासात त्यांनी जांभया, घोरणे, झोपेतली बडबड आणि वेडीवाकडी पडलेली माणसे यांचे जे वर्णन केले आहे, त्यात रागापेक्षा गंमत अधिक आहे.

या आदर्शाला सामुदायिक रूप मिळाले ते काकड आरतीत, आणि प्रस्तुत प्रश्नाचा खरा उलगडा तिथेच होतो. काकडा म्हणजे कापडाची पीळ घातलेली, तेलात किंवा तुपात भिजवलेली जाड वात; ती पेटवून पहाटे देवाला ओवाळतात आणि भूपाळ्या म्हणून त्याला उठवतात. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत हा क्रम चालतो. आषाढ शुद्ध एकादशीला निजलेला विष्णू कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, आणि त्या तिथीला ‘प्रबोधिनी’ म्हणतात, म्हणजे जागे करणारी. परंपरेच्या कल्पनेत प्रत्यक्ष देवही गजराविना, केवळ मनोबळावर उठत नाही. त्याला कोणीतरी उठवावे लागते. मग जो देवाला लागू आहे तो न्याय भक्ताला नाकारण्याचे कारण उरत नाही. एकट्याने, इच्छाशक्तीच्या जोरावर उठणे हीच खरी साधना, ही समजूत या आचाराशी जुळत नाही.

याहून बोलका आहे तो पंढरपूरचा एक प्रघात. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे बुद्रुक या मार्गाने बारामतीकडे जाते आणि पुढे पंढरीला पोहोचते. त्या आषाढी यात्रेच्या काळात विठ्ठलाच्या शेजघरातील पलंग काढून ठेवतात, नित्याची काकड आरती आणि शेजारती बंद होतात, आणि देव अहोरात्र दर्शनासाठी उभा राहतो. ज्या एकादशीला देव झोपी जातो असे पंचांग सांगते, नेमक्या त्याच दिवशी लाखो वारकरी दाराशी असल्यामुळे त्याला झोप नसते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पलंग पुन्हा शेजघरात येतो. जागरण हे कर्तव्य असू शकते, पण ते झोपेचे ऋण आहे आणि फेडल्यावाचून सुटत नाही, ही गोष्ट या उपचाराने ग्रंथापेक्षा स्पष्ट सांगितली आहे.

उलट बाजूचे उदाहरण भागवताच्या दशम स्कंधातील मुचुकुंदाचे. देवांसाठी दीर्घकाळ लढून दमलेल्या या राजाला झोपेचे वरदान मिळाले, आणि गुहेत त्याला लाथ मारून उठवणारा कालयवन त्याच्या दृष्टीने जळून भस्म झाला. मुचुकुंदाची झोप श्रमाची होती, म्हणून ती निर्दोष होती. परंतु घरोघरी जे लहान मुचुकुंद आहेत, जे रात्री ‘आई, मला पाचला उठव’ असे सांगून पहाटे तिच्यावरच खेकसतात, त्यांचा अपराध झोपेच्या खात्यावर मांडता येत नाही. ते तेव्हा जागे असतात, आणि जो जागा आहे तो कर्ता आहे.

तेव्हा निर्णय असा करता येतो की सुषुप्तीत दोष नाही; तो झोपेच्या दोन काठांवर असतो. रात्री निजण्याची वेळ आणि सकाळी डोळे उघडल्यानंतरचा क्षण या दोन्ही ठिकाणी माणूस शुद्धीवर असतो, आणि तिथे होणारी हयगय हाच गीतेतील प्रमाद. ज्याची झोप जड आहे त्याने वेळेवर निजावे, उठवण्याचे काम विश्वासाच्या माणसाकडे सोपवावे आणि त्याने हाक मारली की तिचा मान ठेवावा. इतके केल्यावरही थकलेले शरीर उठले नाही तर त्यास पाप म्हणू नये. मात्र त्याने झालेले नुकसान शास्त्र भरून देत नाही, कारण शेजपाळीत ज्याची वेळ टळते त्याचे पाणी पुढच्या शेतात गेलेले असते.