उरलेलं आपण खायचं



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३

थोडक्यात अर्थ : यज्ञ झाल्यावर जे शिल्लक राहतं ते खाणारे दोषातून सुटतात. केवळ स्वतःच्या कारणाने जे शिजवतात, त्यांच्या ताटात अन्न नसतं, पाप असतं.

चिंतन :

कर्मयोगाचा अध्याय वाचताना आपण या श्लोकावरून बऱ्याचदा पटकन पुढे जातो. घरात चार माणसं असली की तो आपल्यासाठी नाहीच असं वाटतं. आई स्वयंपाक करते ती सगळ्यांसाठीच. पण एकट्या राहणाऱ्याला हा श्लोक थेट लागतो. माझंच घ्या. मी अक्कलकुव्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. कंपनी लांब, काम लॅपटॉपवर. सकाळी अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ, संध्याकाळी दोन भाकऱ्या आणि बाजारात स्वस्त असेल ती भाजी. कुकर माझा, ताट माझं, खाणारा मीच. शब्दशः अर्थ घेतला तर माझ्या कुकरची प्रत्येक शिट्टी पापाची. पुण्यात, बंगळूरमध्ये, हैदराबादला असे एकटे राहणारे तुमच्यातही कितीतरी असतील.

तर आजचा प्रश्न सरळ आहे. एकटा राहून, काटकसरीने, स्वतःपुरतंच शिजवणाऱ्याला भगवंत पापी म्हणतात का?

यावर दोन पळवाटा आपल्याला लगेच सुचतात. पहिली, नैवेद्य दाखवला की झालं. ताट देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं आणि मग ते सगळं आपणच खाल्लं. नैवेद्य दाखवावाच, मीही दाखवतो. पण देवाने एक शितही उचललेलं नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तेव्हा फक्त ताट फिरवून हिशेब मिटला असं मानणं जरा स्वस्तात सुटण्यासारखं आहे. दुसरी पळवाट म्हणजे मी शिजवतच नाही, ॲपवरून मागवतो, मग श्लोक लागू कसा? पण श्लोकाचा रोख भांड्यावर नाही, कारणावर आहे. पैसे देऊन दुसऱ्याकडून शिजवून घेतलं म्हणून कारण बदलत नाही.

मग शास्त्रात एकट्याची चूल बसते तरी कुठे? आश्रमव्यवस्था बघा. ब्रह्मचारी भिक्षा मागून आणतो. संन्यासी चूलच पेटवत नाही. या दोघांनाही जेवू घालतो तो गृहस्थ, म्हणजे हक्काची चूल असलेला माणूस. वानप्रस्थी रानातलं कंदमूळ खातो, पण पंचमहायज्ञ त्यालाही सुटलेले नाहीत. आता आपल्यासारखा तिशीतला, लग्न न झालेला, नोकरी करणारा, स्वतःचा गॅस आणि स्वतःचा कुकर असलेला माणूस यांतला कोण? नातेवाईक म्हणतात, लग्न झालं की गृहस्थ. मला वाटतं, चूल पेटली त्या दिवशी आपण गृहस्थाच्या कर्जात शिरलो.

हे कर्ज कसलं, ते मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात फार व्यवहारी भाषेत सांगितलंय. घरात पाच जागा अशा आहेत जिथे रोज नकळत जीव मरतात : चूल, दळण-वाटणाचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना पंचसूना म्हणतात. सूना म्हणजे वध होतो ती जागा. आज दगडाच्या जागी मिक्सर आला आणि घड्याच्या जागी फिल्टर, बाकी यादी तीच. या पाच दोषांची भरपाई म्हणून पाच यज्ञ सांगितले : अध्ययन, पितरांचं तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांसाठी घास आणि माणसासाठी अतिथीसत्कार. यात 'बायको-मुलं असतील तरच' अशी अट भरपाईला घातलेली मला दिसत नाही. एकट्याच्या केरसुणीखालीही मुंगी मरतेच.

म्हणजे ताटं किती मांडली हा मुद्दाच नाही. दहा माणसांचं कुटुंबही फक्त 'आपल्यांसाठी' शिजवू शकतं, आणि एका ताटाचा स्वयंपाकही यज्ञ होऊ शकतो. तो होतो कसा, याचं उत्तर त्याच श्लोकातल्या एका शब्दात आहे : यज्ञशिष्ट. यज्ञातून शिल्लक राहिलेलं.

इथे थोडं थांबा. शिल्लक कोण खातंय ते बघा. आपली रोजची पद्धत अशी की आधी आपण पोटभर जेवायचं आणि उरलं तर कोणाला तरी द्यायचं. कामवाल्या मावशींना रात्रीची भाजी, वॉचमनकाकांना परवाची मिठाई. याला आपण दान म्हणतो. गीता क्रम उलटा लावते. आधी द्यायचं, मग जे उरेल ते आपण खायचं. उरलेलं खाणारे आपण. आमच्या कोडिंगमध्ये दोन ओळींची जागा बदलली की प्रोग्रॅम तसाच दिसतो, उत्तर मात्र वेगळं येतं. इथेही तांदूळ तेवढेच, खर्च तेवढाच, फक्त दोन ओळींची अदलाबदल.

आता खरी अडचण येते ती काटकसरीची. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही. तो कधीही येईल म्हणून एक भाकरी जास्त टाकावी असं जुनी माणसं सांगतात. पण एकट्याच्या घरात ती जास्तीची भाकरी रोज उरते. ती टाकली तर अन्नाचा अपमान, ठेवली तर शिळी. आणि सतराव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात शिळं, वास मारणारं, उष्टं हे तामस माणसाच्या आवडीचं अन्न म्हटलंय. म्हणजे एकीकडे अतिथीसाठी जास्त शिजवा, दुसरीकडे शिळं खाऊ नका, तिसरीकडे वाया घालवू नका. एकट्या माणसाने करायचं काय?

आधी शिळ्याबद्दल. त्या श्लोकाच्या थोडं आधी, सातव्या श्लोकात, भगवंतांनी विषय स्पष्ट केलाय : कोणाला कसलं अन्न 'प्रिय' असतं. तिथे तपासली जातेय ती आवड. रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणारा शेतकरी तामसी आणि फ्रीजमध्ये भाजी सडू देऊन ताजं मागवणारा सात्त्विक, असा अर्थ काढणं मला तरी जमत नाही. भाकरीचा कुस्करा कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचा, कालच्या घट्ट वरणात ज्वारीचं पीठ मिसळून थालीपीठ लावायचं, कोथिंबिरीच्या काड्या चटणीत, दुधीच्या साली तव्यावर तीळ-मिरचीसोबत. यात चिकटपणा नाही. दाणा कोणाच्या तरी घामातून आलाय याची आठवण आहे.

आणि अतिथीबद्दल म्हणाल, तर त्याचा वाटा शिजवलेलाच असावा असं कुठे आहे? तो कोरडा काढा. कुकर लावण्याआधी डब्यातून आपले तांदूळ मोजले की पहिली मूठ वेगळ्या डब्यात. मग उरलेले शिजवायचे. वाया काही जात नाही, शिळं काही राहत नाही, आणि क्रम गीतेचा. दारात कोणी आलंच तर पंधरा मिनिटांत खिचडी होते.

ही कल्पना माझी नाही. आपल्या खानदेशाशी तिचं जवळचं नातं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली. तीच आपली 'गीता प्रवचने'. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधी आम्हीही धुळे जिल्ह्यातच होतो. पुढे भूदानाच्या काळात याच विनोबांनी घरोघरी 'सर्वोदय पात्र' ठेवायला सांगितलं. घरातल्या लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. मूठ लहान मुलाची, म्हणजे कोणत्याही घराला परवडेल इतकी. आणि ती रोज, न चुकता. यात उरलंसुरलं देण्याचा प्रश्नच येत नाही.

सातपुड्याला मात्र हा क्रम विनोबांच्याही आधीपासून माहीत आहे. इथल्या आदिवासी घरांत नवं पीक आधी देवापुढे जातं, मग घरात शिजतं. याहा मोगी, म्हणजे देवमोगरा माता, ही इथली धान्याची देवी. तिचं ठाणं सीमेपलीकडे गुजरातेत सागबारा तालुक्यात आहे, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला आमच्या तालुक्यातूनही माणसं जातात. संस्कृतचा एक शब्द न वाचता तिसऱ्या अध्यायातला क्रम पाळणारी ही माणसं आहेत. आपण शहरी भक्तांनी गीता शिकवायला जाण्याआधी इथे थोडं शिकायला बसावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण मूठ काढली की समाधान वाटतं, आणि तिथेच सावध व्हायला हवं. माझ्या मुठीत साधारण ४० ग्रॅम तांदूळ मावतात. महिन्याचे झाले १ किलो २०० ग्रॅम, वर्षाचे साडेचौदा किलो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबातल्या एका माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे माझी महिन्याची 'सेवा' एका माणसाच्या रेशनच्या पाव हिश्शाइतकीही नाही. कुपोषणाच्या बातम्यांत अक्कलकुवा आणि धडगावची नावं वर्षानुवर्षं येत आली आहेत. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जाणारी कुटुंबं दरवर्षी याच रस्त्याने जातात. त्यांच्या भुकेला माझी मूठ उत्तर नाही. ते उत्तर रेशन, अंगणवाडी, रोजगार आणि आपण मागितलेल्या जाबातून यायचं आहे. मूठ काढून 'माझं कर्तव्य झालं' म्हणणारा, मला वाटतं, नैवेद्याच्या पळवाटेवरच परत पोचतो.

मग मूठ कशासाठी? ती मला रोज एकदा थांबवते. कुकरचं झाकण लावण्याआधी कोणीतरी दुसरा माझ्या मनात येतो. 'आत्मकारणात्' या शब्दाची गाठ एवढ्याने थोडी सैल होते. काटकसरीचंही तसंच. तीच गॅसची बचत, तीच डाळ भिजवून लवकर शिजवणं, तीच देठांची चटणी. वाचलेलं सगळं बँकेतच गेलं तर तो चिकटपणा. त्यातलं काही आधीच दुसऱ्याच्या नावाने निघालं असेल तर ते तप. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. ताट दोन्हीकडे साधंच.

माझा डबा महिनाअखेरीस आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे जातो. त्याही एकट्याच राहतात. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात कधी मूठभर भगर येते, कधी त्यांनी उन्हात वाळवलेल्या कैरीच्या फोडी. मी देणारा आणि त्या घेणाऱ्या हे चित्र डबा परत आला की पुसलं जातं. तिसऱ्या अध्यायात आजच्या श्लोकापुढे लगेच चक्राचं वर्णन येतं : अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस. हे चक्र जो पुढे फिरवत नाही त्याचं जगणं फुकट, असं भगवंत सोळाव्या श्लोकात सांगतात. इतकं मोठं चक्र एकट्याने फिरवायचं नसतं. आपल्या हातात आलेला डबा पुढे सरकवायचा, एवढंच.

म्हणून एकटे राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हा श्लोक वाचून अपराधी वाटून घेऊ नका. 'एकट्यासाठी कशाला शिजवायचं' म्हणून चूलही बंद करू नका. स्वतःसाठी नीट शिजवा, मोजून शिजवा, पोटभर जेवा. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फक्त पहिली मूठ आपली नाही, एवढं लक्षात ठेवा.

आजचा नेम : एक रिकामा डबा धुऊन पुसून कोरडा करा. आज कुकर लावण्याआधी पहिली मूठ त्यात. ती कोणाकडे जाणार हे आजच ठरवलं नाही तरी चालेल, पण डबा भरायच्या आत त्या माणसाला भेटून या.

उद्याचा श्लोक : अध्याय ३, श्लोक १६.

रामकृष्ण हरी.