पत्र्याचा पैसा, पडद्याचा पैसा

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलचं पातेलं कसं घडतं ते एकदा बघावं. पत्र्याची गोल चकती, म्हणजे ‘सर्कल’, प्रेसवर डायखाली जाते आणि दाबासरशी तिला भांड्याचा आकार येतो. मग कड कापायची, ती वळवायची आणि शेवटी बफवर धरून पॉलिश. संध्याकाळपर्यंत भांडं आरशासारखं होतं आणि पॉलिशवाला काजळीसारखा काळा.

या धंद्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. प्रेसखाली बोटं जातात, छातीत धूळ जाते, पीएफचं नाव निघत नाही. पण इथला पैसा गावात फिरत फिरत जातो. डाय दुरुस्त करणारा, कापलेल्या कडा उचलणारा भंगारवाला, खोकी पुरवणारा, टेम्पोवाला, कोपऱ्यावरचा खानावळवाला, सगळ्यांना थोडाथोडा मिळतो. शिवाय हेल्पर म्हणून लागलेला पोरगा कारागीर होतो आणि एखादा पुढे स्वतःचा गाळाही घेतो.

‘कारखाने गेले, आयटी आलं’ हे आपण सरसकट बोलतो. मुंबईपुरतं ते बरंचसं खरं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि पुढे परळच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या. २००३ च्या धोरणाने आयटी पार्कना जादा चटईक्षेत्र दिलं. मालाडच्या माइंडस्पेस या कचेऱ्यांच्या संकुलात रात्रभर दिवे जळू लागले. मीरा-भाईंदरच्या वाट्याला मात्र आयटीपेक्षा आयटीतले नोकरदार जास्त आले. १९९१ ला पावणेदोन लाखांची वस्ती २०११ ला आठ लाखांवर गेली. त्यात आयटीवाले किती हा भाग वेगळा. पण पगार मालाडला, झोप मीरा रोडला आणि हप्ता बँकेला, ही रीत रुळली. पगाराचा मोठा वाटा गृहकर्जात जातो. किराणावाल्याला, शिकवणीवाल्याला उरलेलं मिळतं.

मालाऐवजी सेवांचा धंदा वाढला तसं पालिकेच्या तिजोरीचं गणितही बदललं, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. गावात येणाऱ्या मालावर कर बसवता येई. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला तो मीरा-भाईंदरमध्ये २०१० पासून. अमेरिकेहून आलेला फोन नाक्यावर अडवून पावती फाडता येत नाही. सेवांवरचा कर दिल्लीकडे जाई. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका सरकारी भरपाईकडे डोळे लावून बसल्या. हातात राहिला मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. अशा शहराला कारखान्यापेक्षा टॉवर प्यारा झाला तर नवल काय?

आयटीचं एक विद्रूप रूप मात्र इथे घरपोच आलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिथल्या लोकांना धमकावण्याचा तो धंदा होता. गुन्हा तो गुन्हाच. पण त्याला लागणारं भांडवल बघा: अमेरिकी ढंगाचं इंग्रजी, रात्रपाळीची तयारी आणि नोकरीची घाई. प्रामाणिक बीपीओलाही हेच लागतं. मालाड-गोरेगावच्या धंद्यासाठी उपनगरात तयार झालेलं हे मनुष्यबळ चोरांनाही आयतं सापडलं.

आयटीमुळे सुबत्ता आली नाही असं म्हणणं खोटेपणा ठरेल. गाळ्यात कधी पाऊल न टाकलेल्या मुलींना स्वतःचा पगार मिळाला, ही माझ्या मते या बदलाची सर्वांत मोठी कमाई. प्रश्न पॉलिशवाल्याच्या मुलाचा आहे. इंग्रजी जमलं तर तो माइंडस्पेसच्या आत बसेल. नाही जमलं, तर तिथेच कंत्राटदाराच्या गणवेशात दारावर उभा राहील किंवा बाहेरून जेवणाची पार्सलं पोचवेल. दारावरून खुर्चीपर्यंत बढती नसते. आणि त्याचा बाप जिथे काम करतो त्या गाळ्याचा मालक हिशेब घालतोय: वर्षानुवर्षं पातेली विकून जे मिळणार नाही ते जागा बिल्डरला दिली तर एका सहीत मिळतं, मशिनं खाडीपलीकडे वसईला हलवता येतील.