पैसा नको, पदवी नको, मग लिहायचे कशाला?

का लिहिता, असे विचारले की बहुतेक लेखक ‘स्वतःच्या समाधानासाठी’ म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर कधीच पटले नाही. समाधान लिहून झाल्यावर मिळालेच असेल, तर मग छापखान्याची पायरी कशाला चढायची?

सुरतेचे कवी नर्मद (1833–1886) यांचे उत्तर वेगळे आहे. 1866 साली ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहायला घेताना ते सांगतात, की हे मी माझ्यासाठीच लिहितो आहे; ओळख व्हावी म्हणून नव्हे, ती झालेलीच आहे; पैशासाठी, पदवीसाठीही नव्हे; पुढे माझ्याच भूतकाळाकडून मला उत्तेजन मिळत राहावे म्हणून. समाधानाचे नावही नाही! उद्या आपले पाय डगमगतील हे ओळखून तिशीतला माणूस स्वतःचाच साक्षीदार उभा करून ठेवतो आहे. मोजक्याच प्रती छापल्या, त्याही जवळच्यांपुरत्या. बाकी सारे मरणानंतर.

आणि पाय डगमगलेच. 23 नोव्हेंबर 1858 रोजी मुंबईतली मास्तरकी सोडून त्यांनी यापुढे लेखणीच्याच आधाराने जगायचे ठरवले होते. ‘दांडियो’ पाक्षिक निघाले, विधवाविवाहाचा कैवार घेतला, ‘नर्मकोश’ एकहाती रचला आणि कर्ज डोक्यावर बसले. 1882 साली नोकरी पत्करावी लागली. सुधारणेविषयीची मतेही उतारवयात पालटली. तेव्हा ती जुनी हकीकत त्यांनी उघडली असेल, तर उत्तेजन मिळाले की टोचणी?

सुरतेतच 1844 साली सुधारक दुर्गाराम मेहतांबरोबर मानवधर्म सभा काढणारे आपले दादोबा पांडुरंग. मराठीचे व्याकरण त्यांनी स्वतःच्या नावाने छापले, पण ‘धर्मविवेचन’ 1868 साली बाहेर आले ते ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मला वाटते, नावाचा लोभ सोडूनही जे लिहिल्यावाचून राहवत नाही, त्यातच लेखकाची खरी ओढ दिसते. कीर्ती, मानधन, पुरस्कार यांना मी नाके मुरडत नाही. पण ती वजा केल्यावर काही उरते का, एवढेच पाहावे.

नर्मदांची हकीकत सर्वांच्या हाती पडली 1933 मध्ये, जन्मशताब्दीला. दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी 1947 साली प्रसिद्ध केले.