न मारता घडलेली हिंसा

अहिंसेचा विचार आपण बहुधा हातात दगड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवून करतो. दगड खाली टाकला की पाप टळले, अशी आपली सोपी समजूत. परंतु वरूड-मोर्शीकडच्या नदीच्या रेतीत, ऐन उन्हाळ्यात, रिकाम्या हातांचा भला माणूसही नुसता उभा राहून जीव घेऊ शकतो.

टिटवी घरटे असे बांधीतच नाही. उघड्या जमिनीत उथळ खळगा, भोवती थोडे खडे आणि त्यात बहुधा चार अंडी. तीही खड्यांच्याच रंगाची. रेतीवर अंडी घालण्याची हीच रीत कंठेरी चिखल्याची आणि नदी सुरयाची. वर्धेचे पाणी ओसरले, रेती उघडी पडली, की ह्या पाखरांचे संसार तेथे मांडले जातात. आणि नेमके त्याच दिवसांत आपलेही तेथे जाणे वाढते. डांगरवाड्या, गुरे, सुटीतली पोरे, आणि आता फोन घेऊन छायाचित्र टिपू पाहणारे हौशी. ह्यांपैकी कोणाच्याही मनात पाखरांचे वाईट नसते. (रेती चोरणाऱ्याची गोष्ट निराळी, त्याच्याशी नीतीची चर्चा करण्यापेक्षा तहसीलदारांनी बोललेले बरे.)

वऱ्हाडच्या मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. पाणी जवळ असले तर पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. माणूस जवळ आला की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालीत ओरडते. आपल्याला मौज वाटते. आपण थांबतो, अंडी शोधू लागतो. तेवढ्यात 45 अंशांच्या उन्हात अंड्यातला जीव भाजून निघू शकतो. आणि आपण 'काही सापडले नाही' असे म्हणत निर्दोष मनाने घरी येतो.

हेतूवाचून पाप नाही, हे मला मान्य आहे. पण मग कोणी येऊन हे सारे समजावून सांगितले, तर तो आपली निरागसता हिरावूनच घेतो, नाही का? लोकशिक्षण म्हणजे नुसती माहिती वाटणे नव्हे; ऐकणाऱ्याच्या खांद्यावर ते ओझे ठेवते. आणि तरीही ते करावे असे मी म्हणेन, कारण टिटवीचे ओरडणे आपण पिढ्यान्‌पिढ्या चुकीचेच ऐकत आलो आहोत. रात्री ओरडली तर घरात अशुभ. अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला. तिच्या प्रत्येक हाकेत आपण आपलेच भविष्य शोधले. ती बिचारी आपल्या अंड्यांविषयी बोलत होती!

शेजारच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात शिकाऱ्यांपुढे धावत आलेल्या सशाला चक्रधरस्वामी आपल्या आसऱ्याला घेतात. आश्रय मागत जवळ येणाऱ्याचे रक्षण कसे करावे, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. टिटवीचे मागणे मात्र उलटे. ती म्हणते, जा! दयेला जवळ जाण्याची सवय. तिला मागे सरायला कोण शिकवणार?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हे शिकविले गेले आहे. तेथल्या पायपिंग प्लोव्हर नावाच्या चिमुकल्या पाखराच्या 1986 साली सुमारे 790 जोड्या उरल्या होत्या. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, वाळूत खुंट्या रोवून दोऱ्या बांधल्या गेल्या, आणि तेथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगणारे स्वयंसेवकही निघाले. आता जोड्या दोन हजारांवर गेल्या आहेत. दोरी ती काय, पोरही तिच्याखालून जाईल. माणसाला अडविते ते तिच्यापाशी उभे राहून केलेले सांगणे. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा तिची दाद गरुडामार्फत विष्णूपर्यंत गेली. वर्धेकाठच्या टिटवीची दाद गावच्या शाळेपर्यंत गेली तरी पुष्कळ.

वखर फिरविताना पुढे अंडी दिसली, तर बैल थोडे वळवून तेवढी जागा सोडणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. विचारले तर म्हणतात, "राहू द्या जी, तिचे पोट्टे हायेत." साऱ्या काळ्या रानात मग खाटेएवढा एक तुकडा तसाच कडक, ढेकळांचा, मृगापर्यंत पडून असतो.